दीड इंचाचे कमळ

कोपरी, ठाणे
२ नोव्हेंबर १९५३

ती. आठल्ये सरांना सगुणा मढवीचा साष्टांग नमस्कार.

सर, मी आपल्याला आठवत असेन का? बी.एस्‌सी.च्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसणारी, आणि वहीत चित्रे इतकी मोठी काढणारी की पाकळी एका पानावर आणि देठ दुसऱ्या पानावर जाई, ती मी. जूनमध्ये पास झाले. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिलीच. बाबांनी प्रमाणपत्राला काच लावून घेतली आहे आणि मिठागरावर येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते घरी आणून दाखवतात. सध्या मी इथल्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. नोकरी तात्पुरती आहे.

आपण चार वर्षांपूर्वी बाबांना समजवायला आमच्या बांधावर आला नसता, तर मी मॅट्रिकवरच थांबले असते. बाबा अजून सांगतात, "तो मास्तर पांढऱ्या धोतरानं चिकलान बसला. आता त्याला नाय कसा बोलू?" हे उपकार पत्रात मावण्यासारखे नाहीत.

लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. आमच्या मिठागराच्या बांधाला लागून एक खड्डा आहे. पावसाळ्यात तो गोड्या पाण्याने भरतो आणि मोठ्या उधाणाला खाडीचे थोडे पाणी बांधावरून त्यात उतरते. उन्हाळ्यात तळाला भेगा पडतात. या खड्ड्यात लहानपणापासून मी पोयनी पाहत आले आहे. पोयनं म्हणजे पाण्यावरचे कमळ, आमच्याकडे हाच शब्द. पण परवा गावातल्या तळ्यावर गेले आणि तिथली कमळे पाहून चमकले. तिथली हाताच्या पंज्याएवढी, आणि आमच्या खड्ड्यातली अतिशय सुंदर, इवलीशी! पानेही इवलीशी. इतकी सुंदर की सांगता येत नाही. सर, ही वेगळी जात असेल का?

आपली विद्यार्थिनी,
सगुणा काळुराम मढवी

*

डोंबिवली
९ नोव्हेंबर १९५३

चि. सगुणेस अनेक आशीर्वाद.

तुझी मोठी चित्रे माझ्या चांगली लक्षात आहेत. त्यांच्यात चूक लपत नसे, म्हणून मला ती आवडत.

तुझ्या पत्रात 'सुंदर' आणि 'इवलेसे' हे शब्द मिळून चार वेळा आले आहेत. फूल किती इंचांचे, हे एकदाही आलेले नाही.

आता नीट पाहा. पान पाण्यावर तरंगते की वर उचललेले असते? देठापर्यंत चीर आहे का? चीर नसलेले, छत्रीसारखे वर आलेले पान म्हणजे खरे कमळ, ते वेगळे. चिरलेले, तरंगणारे पान असेल तर दोन शक्यता. फुलाला पाच पाकळ्या आणि त्यांना झालर असेल, आणि फूल पानाच्या देठातूनच निघाल्यासारखे वाटत असेल, तर ती कुमुदिनी. ती कमळासारखी दिसते, पण त्या कुळातली नव्हे. पाकळ्या पुष्कळ आणि फुलाचा देठ थेट चिखलातल्या कंदातून आलेला असेल, तर निंफिया. पुंकेसर एकेक करून सुटे कर आणि मोज. निदान दहा फुले घे, एका फुलावर माझा विश्वास नाही.

मागच्या वर्षी माझ्या मांडीचे हाड मोडले. घरात काठी घेऊन हिंडतो, गाडीत चढवत नाही. तू येत जा, पण जे पाहशील ते लिहूनच पाठव. शास्त्रात तोंडी गोष्ट धरत नाहीत, आणि पत्रावर तारीख असते.

वडिलांना नमस्कार सांग. त्या दिवशी त्यांनी मला खाऊ घातलेली निवटी (ते खाडीच्या चिखलातले मासे) मी घरी तुझ्या काकूला अजून सांगितलेली नाहीत. हे पत्र जपून ठेव.

ह. ग. आठल्ये

*

कोपरी
२२ नोव्हेंबर १९५३

ती. सरांना साष्टांग नमस्कार.

आपले पत्र वाचून मान खाली गेली आणि लगेच फूटपट्टी घेऊन खड्ड्यात उतरले.

बारा फुले मोजली. सर्वांत मोठे एक इंच सहा दोरे (आठ दोऱ्यांचा एक इंच), सर्वांत लहान एक इंच दोन दोरे, बहुतेक दीड इंचाची. बाहेरची हिरवी दले चार, पाकळ्या आठ ते दहा, पांढऱ्या, टोकाला किंचित निळ्या. झालर नाही. देठ सरळ कंदातून. पुंकेसरांच्या टोकाला लहानसे पांढरे बोट पुढे आलेले. पाने तरंगती, चिरलेली, कडेला बोथट दाते, रुंदी तीन इंचांच्या आसपास. म्हणजे निंफियाच ना?

तुलनेला तळ्यातली दहा फुले आणली. ती चार ते पाच इंचांची, पाकळ्या चौदा-पंधरा, रंग निळा, पाने नऊ इंच.

माझे हे उद्योग पाहायला बांधावर माणसे जमली होती. भिवाकाका बाबांना म्हणाले, "काळुराम, पोरीला पंधरा वरसं शिकवलीस आनि ती पोयनीच्या पाकल्या मोजतं? माजी म्हातारी फुकट मोजून दील!" बाबा म्हणाले, "तुज्या म्हातारीला धापर्यंत तरी येतान का?" मग भिवाकाकाच चिखलात उतरले आणि हाताला लागले ते कंद काढून देऊ लागले.

पदवीनंतर माझे शिकणे संपले असे वाटत होते. काल संध्याकाळी वही भरताना ते पुन्हा सुरू झाल्यासारखे वाटले. आपले आभार कसे मानू?

आपली,
सगुणा

*

डोंबिवली
१ डिसेंबर १९५३

चि. सगुणेस आशीर्वाद.

तुझी मापे तीनदा वाचली. निंफियाच.

लहान निंफिया जगात आहेत. उत्तरेच्या थंड पहाडांत आणि खासी टेकड्यांत एक फार लहान, चिवट जात मिळते. वर पाणी गोठले तरी तिचा कंद तग धरतो. पण ती ठाण्याच्या खाडीला कशी येईल? तिची लक्षणेही तुझ्या फुलाशी जुळत नाहीत. तुझे फूल आपल्या साध्या निळ्या कमळाच्या जवळचे आहे, आकार आणि पाकळ्या सोडल्या तर.

आणि आकार हे सर्वांत कमी भरवशाचे लक्षण. उपाशी वाढलेले मूल ठेंगणे राहिले म्हणून ते वेगळ्या जातीचे होत नाही. लहानपण रक्तातले की परिस्थितीचे, हे एकाच मार्गाने कळेल. दोन मोठ्या नांदी घे, गुरांना पाणी पाजतात त्या मापाच्या. दोन्हींत एकाच जागची माती आणि एकाच विहिरीचे गोडे पाणी. एकीत तुझ्या खड्ड्यातले कंद, दुसरीत तळ्यातले. एक पावसाळा जाऊ दे. तुझे कमळ गोड्या पाण्यात मोठे झाले तर गोष्ट संपली. लहानच राहिले तर मात्र मी माझी काठी फेकून नाचेन.

आणखी एक. पुढच्या वर्षाअखेरीस एम.एस्‌सी.च्या संशोधनासाठी एक शिष्यवृत्ती निघणार आहे. जागा एकच आहे. तुझ्याकडे दाखवण्यासारखे काम असेल तर अर्ज करता येईल. घाई करू नकोस, पण नांदी मात्र लगेच विकत घे.

ह. ग. आठल्ये

*

कोपरी
२९ ऑगस्ट १९५४

ती. सरांना साष्टांग नमस्कार.

मे महिन्यात आपल्याकडे येऊन गेले त्यानंतरची सर्व मापे सोबतच्या कागदावर आहेत. सर, ते लहानच राहिले आहे!

तळ्यातल्या कंदांच्या नांदीत पाने आठ-नऊ इंचांची झाली आहेत. खड्ड्यातल्या कंदांच्या नांदीत एकही पान साडेतीन इंचांच्या पुढे गेलेले नाही. सोळा फुले आली, सगळी दीड इंचाच्या आतबाहेर. दोन्ही नांदी अंगणात शेजारी शेजारी आहेत. ऊन तेच, माती तीच, पाणी गावच्या विहिरीचे. लहान नांदीच्या, म्हणजे खड्ड्यातल्या कंदांच्या, काठावर पाण्याच्या रेषेला पांढरट थर धरतो, तो मी रविवारी घासून काढते.

मी दिवसभर शाळेत असते, त्यामुळे राखण आईची. तिला अक्षर येत नाही, पण नांदींची तिच्याइतकी काळजी मीही घेत नाही. म्हशी हाकलते, शेवाळ काढते, पोरांना जवळ फिरकू देत नाही. परवा शेजारच्या ठमाबाई पूजेसाठी फूल मागायला आल्या, तर त्यांना म्हणाली, "ती देवाची नाय, कालेजची हायेत. तलावावर जा."

लहान नांदीवर तिचा विशेष जीव. मोठ्या नांदीला ती "तलावाची शेठाणी" म्हणते आणि लहानीला "आपली पोर".

सर, शाळेतून येताना मला रोज भीती वाटते की आज पान मोठे झालेले दिसेल. आणि रोज ते तेवढेच असते. शिष्यवृत्तीचा विचार करू नये असे ठरवले आहे, पण तो येतोच.

आपली,
सगुणा

*

डोंबिवली
१२ सप्टेंबर १९५४

चि. सगुणेस अनेक, अनेक आशीर्वाद.

काठी फेकली. नाचता मात्र आले नाही, काकूने धरले.

चौतीस वर्षे मी मुलांना इतरांनी दिलेली नावे पाठ करायला लावली. स्वतः एका गवतालाही नाव दिले नाही. आता वाटते, तुझ्यामुळे तो योग येतो आहे. शोधनिबंध मी लिहायला घेतला आहे. नावे दोघांची, तुझे पहिले.

जातीला माझे नाव द्यावे असे तू मे महिन्यात म्हणालीस. ते होणार नाही. जिने पावसापाण्यात राखण केली तिचे, तुझ्या आईचे, नाव द्यायचे. आवडाबाईंवरून निंफिया आवडाई. त्यांना वाचून दाखव आणि काय म्हणतात ते कळव.

शिष्यवृत्तीचा अर्ज सोबत आहे. 'आजवरचे संशोधन' या रकान्यात निबंधाचे नाव लिही. मंडळावरच्या एका गृहस्थांना मी सहज बोललो. ते म्हणाले, नवी जात असेल तर दुसऱ्या अर्जाकडे पाहायचे कारणच उरणार नाही.

ह. ग. आठल्ये

*

डोंबिवली
६ डिसेंबर १९५४

चि. सगुणेस आशीर्वाद.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निबंध पाठवला तेव्हा तुझे दोन ओळींचे कार्ड आले, त्यानंतर काही नाही. दिवाळीत येशील म्हणून काकूने अनारसे राखून ठेवले होते.

निबंधाची मुद्रिते आली आहेत. तुझी मापे तू स्वतः तपासायला हवीत. मुलाखत १४ जानेवारीला आहे.

तुझ्या गप्प बसण्याचा मी एकच अर्थ लावू शकतो. घरात लग्नाचे निघाले आहे आणि तुला ते मला सांगवत नाही. तसे असेल तर संकोच करू नकोस. तुझ्या वडिलांना मी एकदा समजावले आहे, पुन्हा समजावेन. उत्तम, आमचा शेजारी, मला धरून गाडीत चढवायला तयार आहे. मुद्रिते या महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत परत जायला हवीत.

ह. ग. आठल्ये

*

कोपरी
१० डिसेंबर १९५४

ती. सरांना साष्टांग नमस्कार.

लग्नाचे काहीही नाही. बाबांवर असा संशय आला तो माझ्यामुळे, याचेही वाईट वाटते. आता लिहिते ते वाचून आपण मला काय म्हणाल ते म्हणा, मी ऐकेन.

दिवाळीच्या अमावास्येला शाळेला सुट्टी होती. मी दुपारी ओटीवर वह्या तपासत होते. आई आतून आली, हातात मूठभर मीठ. लहान नांदीपाशी गेली, मीठ पाण्यात सोडले, हाताने ढवळले, बोट जिभेला लावले आणि परत निघाली. मला वाटले, दृष्ट काढते आहे. विचारले, "आई, काय टाकलंस?"

"मीठ."

"कशाला?"

"अगो, आज उधान नाय का? खड्ड्यान असतं तर खारीचा पानी मिलाला असता ना तिला. इकरं अंगनान कोन देल?"

मी विचारले, किती दिवस टाकतेस. ती म्हणाली, "पयल्यापासना. दर अमुशेला नि पुनवेला. तू शालेन जातंस, तुला कवा सवड?" मग माझा चेहरा बघून म्हणाली, "शेठाणीला नाय टाकत गो. ती गोर्‍या पान्याची, तिला नाय सोसायचा." (गोऱ्या म्हणजे गोड्या.)

सर, आमच्या मिठागरावर पौर्णिमा-अमावास्या म्हणजे पाणी घेण्याचे दिवस. खाडीचे पाणी बांधाआड किती घ्यायचे ते तिच्या हाताला आणि जिभेला ठाऊक आहे. तिने खड्ड्यातल्या झाडाचे माहेर जसेच्या तसे नांदीत आणून ठेवले होते. मी दोन्ही नांदींना 'गोडे पाणी' असे लिहीत राहिले, फेब्रुवारीत कंद लावल्यापासून आठ महिने.

त्याच दिवशी मी आपल्याला लिहायला हवे होते. लिहिले नाही. लहान नांदीतले दोन कंद काढून एका घमेल्यात निव्वळ विहिरीच्या पाण्यात लावले आणि घमेले शाळेतल्या खिडकीत नेऊन ठेवले. मनाला सांगितले की खात्री झाल्यावर लिहू. खरे हे की ते लहानच राहावे असे मला वाटत होते. तसे झाले असते तर मिठाचा विषय मी कदाचित कोणाजवळही काढला नसता. हे लिहिताना लाज वाटते, पण आपण शिकवले आहे की जे पाहिले ते लिहायचे.

थंडी असूनही सहा आठवड्यांत नवे पान साडेसहा इंचांचे झाले आहे. काल एक कळी उमलली. तीन इंच. पाकळ्या तेरा. निळी.

म्हणजे ती नवी जात नाही. साधे निळे कमळच आहे, मिठाने खुजे ठेवलेले. निबंध मागे घ्यावा. शिष्यवृत्तीचा अर्ज मी कालच पत्र टाकून दुरुस्त केला. 'आजवरचे संशोधन' या रकान्यापुढे 'नाही' असे लिहिले.

आईला अजून सांगितलेले नाही. तिच्या नावाचे कमळ होणार म्हणून ती गावभर बोलून बसली आहे.

आपण आयुष्यात पहिल्यांदा एक नाव देणार होता. ते मी हिरावून घेतले. मला क्षमा करा.

सगुणा

*

डोंबिवली
१४ डिसेंबर १९५४

चि. सगुणेस आशीर्वाद.

तुझे पत्र शनिवारी आले. दोन दिवस मी काही लिहिले नाही, कारण जे लिहिले असते ते तुला पाठवण्यासारखे नव्हते. राग तुझ्यावर होता असे मला वाटत होते. आज सकाळी तुझी जुनी पत्रे काढून क्रमाने वाचली आणि राग कोणावर हवा ते कळले.

२९ ऑगस्टच्या पत्रात तू लिहिले आहेस की लहान नांदीच्या काठावर पांढरट थर धरतो. फक्त लहान नांदीच्या. ते वाचताना त्या ओळीवर माझे बोट थांबले होते, हे मला स्वच्छ आठवते. पाणी चाखून बघ, एवढे तीन शब्द लिहायचे होते. मी लिहिले नाहीत. चौतीस वर्षांनी नाव देण्याची वेळ आली होती, आणि मला तो थर नको होता. तू सहा आठवडे गप्प राहिलीस. मी साडेतीन महिने. त्यामुळे क्षमेचा हिशेब आपण दोघांनी बंद करू.

निबंध मागे घेतला आहे. संपादकांना कारण खरे तेच कळवले.

छापून आले असते तर काय झाले असते ते सांगतो. कोणीतरी परका माणूस दहा वर्षांनी खड्ड्यावर आला असता, कंद घेऊन गेला असता आणि त्याच्या कुंडीत ते मोठे झाले असते. तोपर्यंत मी बहुधा नसतो. तुझे नाव त्या चुकीला आयुष्यभर चिकटले असते. तू मला आणि स्वतःला त्यातून सोडवलेस. शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याकडून याहून जास्त काय मिळते, मला माहीत नाही. मी तुझा ऋणी आहे.

आता सोबतचे दुसरे पत्र तुझ्या आईचे. मोठ्याने वाचून दाखव, आणि मधले काही गाळू नकोस.

ह. ग. आठल्ये

(सोबतचे पत्र)

सौ. आवडाबाई यांना हरिहर आठल्ये याचा नमस्कार.

बाई, तुमच्या नावाचे कमळ होणार नाही. ते कमळ नवे नाही, जुनेच निघाले. यात तुमचा काही दोष नाही. नांदीत बाहेरचे काही घालायचे नाही, हे तुम्हाला सांगायचे काम आमचे होते, ते आम्ही केले नाही.

उलट तुम्ही जे केलेत ते आम्हा दोघांना सुचले नव्हते. मिठाने कमळ इतके लहान होते आणि तरीही मरत नाही, फुलते, बी धरते, हे तुम्ही आठ महिने एका नांदीत करून दाखवले आहे. ते मुद्दाम, मापून करायचे तर किती मीठ, किती दिवसांनी, आणि कुठे थांबायचे, हे मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे. सगुणेला ते शिकवाल का?

तुमचा,
हरिहर आठल्ये

*

कोपरी
१८ जानेवारी १९५५

ती. सरांना साष्टांग नमस्कार.

आपले पत्र आईला वाचून दाखवले. 'तुमच्या नावाचे कमळ होणार नाही' ही ओळ तिने पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "म्हंजे मी तुजी परीक्षा नासवली." मी नाही म्हटले. ती म्हणाली, "खोटा नको बोलू. मास्तर मोठा मानूस म्हनून गोर बोलतंय." आणि दोन दिवस नांदीकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी मीच तिला म्हटले, सरांनी विचारलंय, मूठ केवढी ते तरी सांग. तेव्हा उठली. ठमाबाईंना हाक मारली, भिवाकाकांच्या घरून तराजू आणला, आणि दहा वेळा मूठ भरून दहा वेळा मला तोलायला लावली. दहाही मुठी पावणेचार आणि चार तोळ्यांच्या मध्ये. ठमाबाईंची मूठ एकदा तीन, एकदा साडेपाच. आई त्यांना म्हणाली, "तुज्या हातानं आमटी पन अशीच व्हतं." तेव्हापासून ती बरी आहे.

मुलाखत झाली. मंडळावर पाच जण होते. ज्यांच्याशी आपण बोलला होता ते असावेत, त्यांनी विचारले, "सप्टेंबरात नवी जात आणि डिसेंबरात 'नाही'. मधे काय झाले?" मी सर्व सांगितले. मिठाची मूठ, उधाण, घमेले, आणि मी सहा आठवडे कळवले नाही हेसुद्धा. एक जण हसले. चित्रा गुप्ते म्हणून एक बाई होत्या, त्यांनी विचारले, "मग आज तुमच्या हातात काय आहे?" मी म्हटले, "एक प्रश्न आहे. मीठ किती झाले की कमळ खुजे होते आणि किती झाले की मरते." त्यांनी ते लिहून घेतले.

काल कळले, शिष्यवृत्ती दुसऱ्याला मिळाली. त्याचे दोन निबंध छापलेले आहेत. सर, मला वाईट वाटले हे लपवत नाही. परंतु मुलाखतीतून बाहेर पडताना माझ्या पायांत जी ताकद होती, ती खोटा रकाना भरून गेले असते तर नसती. ती आपल्याकडूनच आलेली आहे.

बाबांना वाईट बातमी रात्रीच्या जेवणानंतर सांगितली. त्यांनी विचारले, "शिश्यवृत्ती नाय तर काय अरतं?" मी म्हटले, जागा, पाणी, वेळ. ते म्हणाले, "येल तू काढ. बाकीचा बगतंय." आज सकाळी भिवाकाकांना घेऊन ते मिठागराच्या वरच्या कडेला गेले आणि सहा लहान वाफे वेगळे पाडायला लागले. तिथून बाबांना दर हंगामाला पुष्कळ मीठ मिळते. मी म्हटले, "बाबा, चांगली जागा आहे ती." ते फावडे न थांबवता म्हणाले, "मग वायट जाग्यावर शिकनार तू?"

सर, मला मार्गदर्शन कराल का? शिष्यवृत्ती नाही, नोकरी सांभाळून करावे लागेल, किती वर्षे जातील ठाऊक नाही.

आपली,
सगुणा

*

डोंबिवली
२३ जानेवारी १९५५

चि. सगुणेस आशीर्वाद.

निवृत्त माणसाला विद्यापीठ मार्गदर्शक म्हणून धरत नाही. म्हणून काल चित्रा गुप्ते यांना लिहिले होते, आणि आज माझे पत्र पोचण्याआधीच त्यांचे येऊन पडले. तुझा पत्ता मागतात. नोकरी करून एम.एस्‌सी.चे काम करायला त्यांची हरकत नाही, सही त्या करतील. मुलाखतीत तू ठेवलेला आणि त्यांनी उतरवून घेतलेला प्रश्न शब्दाला शब्द त्यांच्या पत्रात आहे. मंडळात तुझ्या बाजूने एकच मत पडले, हेही त्यांनीच लिहिले आहे. ते कोणाचे, हे लिहिलेले नाही.

वाफे कोरडे असतानाच माती एकसारखी करून घे. पहिला वाफा निव्वळ गोड्या पाण्याचा, त्याला कोणी हात लावायचा नाही. बाकीच्या पाचांचे मीठ आवडाबाईंनी ठरवायचे, आणि टाकण्याआधी तू तोलून लिहायचे. टाकल्यानंतर नव्हे.

रविवारी सकाळी उत्तमला घेऊन ठाण्याला येतो. स्टेशनवर कोणी येऊ नये. काकूही येते म्हणते. तिला खाडीच्या कडेची निवटी कशी लागतात ते बघायचे आहे, म्हणजे ते गुपित फुटले आहे.

ह. ग. आठल्ये

*

कोपरी
३१ जानेवारी १९५५

ती. सरांना आणि सौ. काकूंना साष्टांग नमस्कार.

काल आपण बांधावर बाबांशेजारी खुर्ची नाकारून बसलात तेव्हा आई घरात जाऊन रडली. दुःखाने नव्हे. मग तोंड धुऊन बाहेर आली ती आपल्याशी वाद घालायलाच, की शेवटच्या वाफ्याला आपण म्हणता त्या तीन मुठी फार होतील, दोनच घाला. आपण अडीच लिहायला सांगितलेत. आपली गाडी सुटल्यावर तिने मला पुन्हा सांगितले, "मरतान ती पोयनी तीन मुठीनं. मास्तराला कागदावर कललंय, मना हातान."

म्हणून सर, एक विनंती. पाचव्या वाफ्यात अडीच आणि सहाव्यात तीन, असे दोन्ही ठेवू. कोण बरोबर ते दिवाळीपर्यंत कळेल. तिने आत्ताच सांगून ठेवले आहे की ती हरली तरी वहीत तिचे म्हणणे तारखेसह लिहायचे. मी लिहिले आहे.

कंद उद्या लावते.

आपली,
सगुणा